बाई, तो कानातल्यांचा हिशोब अजून चालू आहे

आदरणीय बाई,

तुम्ही पुण्याला लेकाकडे राहायला जायच्या आदल्या दिवशी स्टॉलवर आलात, तेव्हा नेमकी गिऱ्हाइकं होती. धड दोन शब्द बोलता आले नाहीत. ते आज लिहिते, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते.

ठाण्यात गोखले रोडच्या फुटपाथवर माझं कानातल्यांचं टेबल आहे. जोडातला एक नग फळीला टोचायचा, दुसरा डब्यात ठेवायचा, ही माझी रीत. अकरावीतली लेक मागे स्टुलावर बसून अभ्यास करते. त्याआधी एका संध्याकाळी ती एका गणितावरून रडकुंडीला आली होती. सहा जोडांचा एकेक नग एका गटात आहे, त्यांचे जोडीदार दुसऱ्या गटात. दोन्हींतून न बघता एकेक उचलला तर जोड जुळण्याची संभाव्यता किती? तिचं उत्तर ३६ पैकी १. पुस्तकातलं ६ पैकी १.

तुम्ही कुड्या बघायला थांबला होतात. तिची वही पाहिलीत, पण पेन हातात घेतलं नाहीत. माझ्याकडून सहा जोड मागून घेतलेत, एकेक नग एका वाटीत, त्यांचे जोडीदार दुसऱ्या वाटीत. तिला डोळे मिटायला लावलेत. पहिल्या वाटीतून झुमका आला. तुम्ही विचारलंत, "हा चुकला का?" ती गप्प. "अगं, पहिला नग चुकूच शकत नाही. कुठलाही आला तरी त्याचा जोडीदार पलीकडे आहेच. त्या सहांतून तो सापडायला हवा, एवढंच." ३६ पैकी १ हे झुमक्याचाच जोड येण्याचं उत्तर होतं. कुठलाही जोड चालणार असेल, तर असे सहा मिळवायचे.

मग बाराही नग एकाच वाटीत ओतलेत. आता जोडीदार अकरांत लपलेला, म्हणून ११ पैकी १. बाई, इतकी वर्षं मी दोन ठिकाणी नग ठेवत आले, पण त्यानं जोड शोधणं किती सोपं होतं ते आकड्यात त्या दिवशी कळलं. मी नववीत शाळा सोडली. गणित मला कुणी असं हातात दिलं नव्हतं.

दोन्ही वाट्यांतून दोन-दोन नग काढले तर निदान एक जोड जुळण्याची शक्यता १५ पैकी ९, हे तिनं दुसऱ्या दिवशी आपणहून काढलं. एकही न जुळण्याचे १५ पैकी ६, ते वजा केले. तुम्ही तिच्या पाठीवर थाप मारलीत ती तिला अजून आठवते.

आणि ते फ्रान्सचे गणिती मोंमोर! १७०८ साली त्यांनी पत्त्यांच्या खेळावरून हाच विचार मांडला होता, हे तुम्ही सांगितलंत. सहाही नग डोळे मिटून सहांसमोर मांडले तर ७२० मांडण्या होतात. त्यांतल्या २६५ मध्ये एकही जोड जुळत नाही, म्हणजे शंभरात साधारण ३७ वेळा. सहाऐवजी तेरा जोड घेतले तरी ते ३७ च राहतात, हे मला अजून नवल वाटतं.

लेकीला ते स्वतः मोजून पाहायचंय. तीन जोडांच्या ६ मांडण्यांत २, चारांच्या २४ मध्ये ९, पाचांच्या १२० मध्ये ४४ आल्या. सहांच्या ७२० लिहायला तिनं नवी वही घेतली आहे. काल रात्री ३१० झाल्या होत्या.

तुमची,
कानातलीवाली