सुशीची तुलना करायची तर आधी भात चाखा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुंबईतल्या सुशी मिळणाऱ्या रेस्टॉरंटांची तुलना करणारा लेख वाचला. सजावट, बसायची व्यवस्था, दोघांचे बिल, मासा किती प्रकारचा मिळतो, सगळे त्यात आले. भाताबद्दल मात्र एक ओळ नाही. सुशी म्हणजे मुळात व्हिनेगर लावलेला भात. मासा त्याच्यावर येतो, कधी येतही नाही. भात न चाखता सुशीला तारे देणे हे भाकरी न मोडता पिठले-भाकरीला गुण देण्यासारखे झाले.

मी हे एवढ्या आग्रहाने लिहिते आहे, कारण रत्नागिरीच्या एका सुरिमी (म्हणजे माशाच्या धुतलेल्या मांसाचा लगदा) कारखान्यात मी २२ वर्षे गुणवत्ता तपासणीत काढली. मिरकरवाडा बंदरात उतरलेला राणी मासा आमच्याकडे यायचा. डोके-आतडी काढून काटे वेगळे करायचे, मांस बर्फगार पाण्यात दोन-तीनदा धुवायचे, पिळायचे, थोडी साखर मिसळून त्याच्या दहा-दहा किलोच्या लाद्या गोठवायच्या. माझे काम त्यानंतरचे. सुरिमी उकडून तिची तीन मिलिमीटर जाडीची चकती कापायची, एकदा दुमडायची, पुन्हा दुमडायची. चौपदरी घडी घालूनही चीर पडली नाही, तर माल एए, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचा. अशा घड्या मी किती घातल्या त्याला गणती नाही.

माल पाहायला जपानहून एक वयस्क तपासनीस येत. बॅगेत स्वतःचा तांदूळ आणि तांदळाचे व्हिनेगर आणत. एकदा गेस्टहाऊसच्या स्वयंपाकघरात त्यांनी मला भात करून दाखवला. लाकडी पसरट भांडे नव्हते म्हणून आमची परात घेतली. गरम भातावर व्हिनेगर, साखर आणि मिठाचे पाणी शिंपडले आणि उलथन्याने तो ढवळला नाही, तर तिरके काप दिल्यासारखा सुटा केला. मी शेजारी वर्तमानपत्राने वारा घालत होते. मग एक मुटका माझ्या तळहातावर ठेवला. तो गरम लागेना की गार लागेना, तळहाताइतकाच कोमट. तोंडात टाकल्यावर शिते आपोआप विलग झाली. दुभाष्याकडून त्यांनी सांगितले की, मासा बाजारातून आणता येतो, भात स्वतःलाच करावा लागतो, म्हणून नव्या ठिकाणी गेले की ते आधी भात बघतात.

निवृत्तीनंतर मी मुलीकडे पार्ल्याला आले. २००४ साली ताजमहाल पॅलेसमध्ये जपानी शेफ मासाहारू मोरिमोटो यांचे ‘वसाबी’ हे रेस्टॉरंट सुरू झाले, तेव्हा सुशी हे पंचतारांकित खाणे होते. आता ती मॉलमध्ये मिळते, दारापर्यंत येते. दिवाळीपासून जुलैपर्यंत मी आणि मुलगी चार ठिकाणची सुशी खाल्ली. चारही वेळा मागणी तीच ठेवली: काकडीचा साधा रोल, सामनची निगिरी (भाताच्या मुटक्यावर माशाचा काप) आणि क्रॅब रोल. नावे देत नाही, कोणाचा धंदा बुडवायचा नाही.

सगळ्यांत चांगला भात वांद्र्याच्या एका लहानशा जागेत मिळाला. कोमट, सुटा, आंबटपणा बेताचा. नोरी, म्हणजे रोलभोवतीचे समुद्री शेवाळाचे पातळ पान, इतकी कुरकुरीत की दाताखाली कट् झाले. दक्षिण मुंबईतल्या मोठ्या हॉटेलात मासा फार सुरेख कापला होता, पण भात गोडाकडे झुकला होता. लोअर परळच्या मॉलमध्ये भात थेट फ्रिजमधला, घट्ट आणि दाबून बसवलेला. त्यावर मेयोनीज, तळलेला चुरा आणि गोड सॉस एवढा की काकडी आहे हे चावल्यावर कळावे. शिजलेला भात फ्रिजमध्ये ठेवला की कडक होतो, हे शिळा भात फोडणीला टाकणाऱ्या कोणत्याही बाईला माहीत आहे. चौथी सुशी घरपोच मागवली, ती बर्फाच्या पाकिटासोबत आली आणि भात तसाच ताठर. तिथे मात्र मी दोष देणार नाही. माशाला गारवा हवा, भाताला ऊब हवी, एका डब्यात दोन्ही सांभाळता येत नाही. ज्याला भात समजून घ्यायचा आहे त्याने सुशी घरी मागवू नये, एवढेच म्हणेन.

आता खेकड्याचे. चारांपैकी तीन मेनूकार्डांवर ‘क्रॅब’ असे लिहिले होते आणि तिन्हीकडे आली खेकड्यासारखी दिसणारी सुरिमीची कांडी. मॉलमधल्या वेटरने ‘मॅडम, क्रॅबच आहे’ असे ठामपणे सांगितले. मी रोलमधली कांडी काढली, तिचे पदर उलगडले, एका बाजूचा लाल रंग दाखवला. तो आत जाऊन आला आणि हळूच म्हणाला, ‘क्रॅब स्टिक आहे.’ त्या मुलाची चूक नाही, त्याला कोणी सांगितलेच नव्हते. पण या कांडीत बहुधा गव्हाचा स्टार्च आणि अंड्याचा पांढरा बलक असतो. ज्याला अंडे किंवा गहू चालत नाही, त्याने काय समजायचे? दुसरे दुःख माझे स्वतःचे आहे. राणी माशाला मंडईत पापलेट-सुरमईच्या शेजारी फारसे कोणी विचारत नाही. त्याचे शास्त्रीय नाव नेमिप्टेरस जॅपोनिकस, नावातच जपान आहे. आमच्या कोकणात त्याची उत्तम सुरिमी होते. मग ती खेकड्याच्या नावाखाली का लपवायची? मेनूवर ‘सुरिमी’ असे स्पष्ट लिहा, लोक खातील.

‘ताजा’ या शब्दाचेही तसेच. जुलैत एके ठिकाणी फळ्यावर ‘आज सकाळचा लोकल कॅच’ असे वाचले. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, ससून डॉकला बोटी बांधून ठेवलेल्या असतात. कोणत्या बोटीने आणला विचारले तर उत्तर नाही. खरे तर गोठवलेला मासा कमी प्रतीचा नसतो. कच्चा खायचा मासा उणे २० अंशांना सात दिवस ठेवला की त्यातले कृमी मरतात. जपानमध्ये उत्तम ट्यूना उणे ६० अंशांच्या शीतगृहात ठेवतात. ‘गोठवून आणलेला’ असे लिहिण्यात लाज कसली?

शाकाहारी लोकांच्या ताटात तर सगळीकडे क्रीम चीज आणि अ‍ॅव्होकॅडो. जपानमध्ये कान्प्यो घातलेली जुनी शाकाहारी सुशी आहे. कान्प्यो म्हणजे दुधीच्या लांब पट्ट्या वाळवून, मग सोया सॉस आणि साखरेत शिजवलेल्या. आपला दुधीच! माझी शेजारीण माळकरी आहे. तिच्यासाठी मी दुधीच्या पट्ट्या उन्हात वाळवल्या आणि आंबेमोहर तांदळाचा भात केला. आंबेमोहर चिकटतो चांगला, पण त्याचा वास व्हिनेगरशी भांडतो. तरी तिने सहा तुकडे खाल्ले आणि पट्ट्या कशा वाळवल्या ते विचारून गेली. मुंबईतल्या एकाही रेस्टॉरंटात मला ही सुशी दिसली नाही.

माझी विनंती एवढीच की, पुढच्या वेळी अशी तुलना छापाल तेव्हा आपल्या प्रतिनिधीने प्रत्येक ठिकाणी आधी काकडीचा साधा रोल मागवावा आणि पहिला तुकडा सोया सॉस न लावता खावा. भात कोमट होता की फ्रिजमधला, हे छापावे. क्रॅब खरा की सुरिमी आणि मासा कुठून आला, हे विचारून उत्तर जसेच्या तसे द्यावे. उत्तर मिळाले नाही तर तेही लिहावे. प्रतिनिधीला सोबत हवी असेल तर मी यायला तयार आहे, माझे बिल मी भरीन. पत्ता आणि फोन पाकिटाच्या मागे लिहिला आहे.

आपली,
एक निवृत्त गुणवत्ता तपासनीस,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई