तो गेंडा ड्यूररने पाहिला नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत युरोपातल्या प्रबोधनकाळावर दोन पाने आली. मजकूर वाचनीय होता. मात्र दुसऱ्या पानावरच्या, न्यूरेंबर्गच्या ड्यूरर या जर्मन चित्रकाराच्या मोठ्या चित्राखाली ही ओळ होती : ‘१५१३ साली आफ्रिकेतून लिस्बनला आलेला गेंडा, आल्ब्रेख्त ड्यूररने तो प्रत्यक्ष पाहून केलेले एचिंग.’ साल, खंड, ‘प्रत्यक्ष’ आणि ‘एचिंग’ (धातूच्या पत्र्यावरून घेतलेला छाप), चारही गोष्टी चुकल्या. एखाद्या परक्या जनावराबद्दल असे झाले असते तर सोडून दिले असते. पण हा गेंडा गोव्याहून जहाजात चढला होता. निदान मराठी वर्तमानपत्राने तरी त्याचा पत्ता बरोबर छापावा.

सालाची चूक तुमची नाही, ती मूळ छापातच आहे. चित्रावर जर्मन भाषेत पाच ओळींचा मजकूर आहे आणि त्याची सुरुवातच ‘१५१३, १ मे’ या तारखेने होते. तुम्ही तो मजकूर कापून चित्र छापलेत, साल मात्र तिथलेच उचललेत. गेंड्याच्या डोक्यावर, ड्यूररच्या ‘एडी’ या आद्याक्षरांच्या सहीपाशी १५१५ हा आकडा आहे, तो तुमच्या छापातही दिसतो. खरी तारीख २० मे १५१५. त्या दिवशी ‘नोसा सेन्योरा द आजुदा’ हे जहाज लिस्बनला लागले.

आता खंड. आफ्रिकेतल्या गेंड्याला दोन शिंगे असतात, हा एकशिंगी आहे. एवढे पाहिले असते तरी पुरे होते. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा दुसरा याने तो पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द अल्बुकर्कला नजराणा म्हणून दिला. अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतले होते आणि आता त्याला दीवला किल्ला बांधायचा होता. १५१४ मध्ये त्याचे वकील परवानगी मागायला सुलतानाकडे गेले. परवानगी मिळाली नाही, भेटवस्तू मिळाल्या. त्यांत हा गेंडा आणि ओसेम नावाचा त्याचा माहूत. (दीवला किल्ला व्हायला १५३५ उजाडले.) गोव्यात असले जनावर सांभाळायचे म्हणजे खर्च आणि कटकट. अल्बुकर्कने ते पोर्तुगालचा राजा मानुएल याच्याकडे पाठवून दिले.

जानेवारी १५१५ मध्ये जहाज गोव्याहून निघाले. जानेवारीच का, हे दर्यावर्दी लोकांना सांगायला नको. ईशान्येचे वारे असतात तोवर अरबी समुद्र ओलांडायचा आणि दक्षिण गोलार्धातला हिवाळा सुरू होण्याआधी केप, म्हणजे आफ्रिकेचे दक्षिण टोक, वळसा घालून पार करायचे. मुहूर्त चुकला तर मे-जूनमध्ये केपच्या वादळांत सापडायचे, नाहीतर वाटेत कुठेतरी पुढच्या हंगामाची वाट पाहायची. हे जहाज मोझांबिक, सेंट हेलेना आणि अझोर्स असे थांबे घेत सुमारे १२० दिवसांत पोचले. त्या काळाच्या मानाने प्रवास झपाट्याचा.

पण गेंड्याच्या बाजूने पाहा. एकशिंगी गेंडा हे चिखलात लोळणारे जनावर आहे. चिखल-पाणी मिळाले नाही की त्याची कातडी कोरडी पडते, तडकते, खरुजल्यासारखी होते. कोंडून ठेवले की शिंग भिंतीवर घासून घासून झिजते. प्रौढ नर दोन टनांच्या आसपास भरतो. एवढा हलता बोजा वर ठेवला तर जहाज कलते, म्हणून त्याला खाली, मधोमध आणि साखळीने बांधूनच न्यावे लागते. लिस्बनच्या बंदरात उतरलेले जनावर चार महिन्यांच्या अशा कोंडवाड्यातून आले होते. पुढे चित्रातल्या कातडीविषयी बोलताना हे लक्षात असू द्या.

रोमन साम्राज्यानंतर युरोपात जिवंत गेंडा कुणी पाहिलेला नव्हता. पुस्तकी विद्या होती ती प्लिनी या प्राचीन रोमन लेखकाची : गेंडा आणि हत्ती जन्माचे वैरी, गेंडा दगडावर शिंग पाजळतो आणि हत्तीचे पोट फाडतो. मानुएलपाशी हत्ती होतेच. त्याने परीक्षाच घ्यायची ठरवली. ३ जून १५१५ रोजी राजवाड्याच्या आवारात एक तरुण हत्ती आणि हा गेंडा समोरासमोर आणले. हत्ती पळाला. प्लिनी खरा ठरला असे दरबाराने मानले. माझ्या मते त्यात एवढेच सिद्ध झाले की लहान वयाचा हत्ती गर्दीला बुजतो.

ही हकीकत लिस्बनहून बाहेर कशी गेली? तिथे व्हालेंतिम फर्नांदिस नावाचा मोरेव्हियाचा छापखानेवाला होता. त्याने गेंड्याबद्दल न्यूरेंबर्गच्या व्यापाऱ्यांना पत्र लिहिले. त्यात जनावराचे नाव ‘गंडा’ असे येते, आपल्या कानाला ओळखीचेच. कुणा अनाम चित्रकाराचे एक रेखाटनही न्यूरेंबर्गला पोचले. ड्यूररने पाहिले ते हे दोन कागद. तो लिस्बनला कधी गेला नाही आणि गेंडा न्यूरेंबर्गला कधी आला नाही. पत्रव्यवहाराचा वेग मात्र थक्क करणारा होता. रोममध्ये जोव्हान्नी जाकोमो पेन्नी याची या गेंड्यावरची कविता १३ जुलै १५१५ रोजी छापून बाहेर पडली, म्हणजे गेंडा उतरल्यावर आठ आठवड्यांच्या आत, आणि तीही चित्रासकट. तिची उरलेली प्रत कोलंबसच्या मुलाने जमवलेल्या ग्रंथसंग्रहात, सेव्हिलला आहे.

आता ‘एचिंग’. गोंधळाचे कारण समजू शकते, कारण ड्यूररने नेमक्या १५१५ ते १५१८ या वर्षांत लोखंडी पत्र्यावर थोडी एचिंग केली आहेत. पण गेंडा हा वुडकट, म्हणजे लाकडी ठसा आहे. दोन्हींची जात उलटी. एचिंगमध्ये रेषा खोल असते. शाई तिच्यात भरतात, बाकीचा पत्रा पुसून घेतात आणि दाबाखाली कागद ती शाई उचलतो. त्यामुळे छापलेली रेषा बोटाला किंचित वर लागते आणि पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर चौकटीसारखा उमटतो. वुडकटमध्ये रेषा उभी ठेवायची असते आणि बाकीचे सगळे लाकूड कोरून काढायचे असते. रेषा कागदात रुतते, कागदाच्या पाठीवर तिचा उठाव येतो, आणि चौकटीचा दाब नसतो.

काम असे चाले. पेअरसारख्या घट्ट पोताच्या झाडाची फळी घ्यायची. तिची जाडी छापखान्यातल्या खिळ्यांच्या (अक्षरांच्या ठशांच्या) उंचीइतकी ठेवायची, म्हणजे चित्र आणि वरचा मजकूर एकाच दाबात निघतो. पृष्ठभाग पांढरा करून त्यावर चित्र काढायचे. छाप उलटा येतो. ड्यूररचे कच्चे रेखाटन ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्यात गेंड्याचे तोंड डावीकडे आहे आणि छापात उजवीकडे. मग फळी ठसे कोरणाऱ्या कारागिराच्या हातात जाते. तो प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजूंनी तिरपे वार करून लाकूड काढतो. रेषेच्या बुडाशी वार फार उभा गेला की बारीक रेषा दाबाखाली कोलमडते आणि छापात तुटक दिसते. एकमेकींना छेदणाऱ्या रेषा हे तर सगळ्यात किचकट. कागदावर पेनाने दोन फटकारे मारले की काम होते, लाकडात मात्र त्यांच्यामधले शंकरपाळ्याच्या आकाराचे पांढरे खण एकेक कोरून काढावे लागतात. भिंग घेऊन गेंड्याच्या पोटाखालची सावली पाहा. जिथे तुम्हाला काळे दिसते तिथे कारागिराने पांढरे कोरलेले आहे. शाई चामड्याच्या बोळ्यांनी लावत आणि कागद ओलसर ठेवत. ओल जास्त झाली की शाई पसरते, कमी झाली की छाप नीट बसतच नाही.

आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरायचे सोडून लाकडाकडे का वळायचे? धंदा. तांब्याच्या पत्र्यावरच्या नाजूक रेषा लवकर झिजतात, लाकडी ठशावर हजारो प्रती निघतात. हे चित्र बाजारात खपवण्यासाठीच केले होते. आकारही बेताचा, सुमारे २१ गुणिले ३० सेंटिमीटर.

तुमच्या लेखात ‘काल्पनिक चिलखत’ एवढेच म्हटले आहे. खरी गंमत तिथेच होती. खऱ्या गेंड्याच्या मानेवर, खांद्यामागे आणि पुठ्ठ्यापुढे कातडीच्या जाड घड्या असतात, खांद्यावर आणि मांड्यांवर गोळ्यांसारखे उठाव असतात. रेखाटनातल्या या घड्या ड्यूररने पत्रे म्हणून वाचल्या. गळ्याशी योद्ध्याच्या गळापट्टीसारखा पत्रा, छातीवर दुसरा, कडांना रिबिटी मारल्यासारख्या ठिपक्यांच्या रांगा, बरगड्यांवरून एकसारख्या नाल्या. हा पोशाख त्याच्या गावातला आहे. न्यूरेंबर्ग आणि आउग्सबुर्ग ही त्या वेळी चिलखतांची नामांकित ठाणी होती. सम्राट माक्सिमिलियनच्या काळात नालीदार चिलखताची टूम होती, आणि ती लोखंडी नाली तेव्हाच्या चुणीदार कपड्यांची नक्कल करत असे. १५१५ मध्येच माक्सिमिलियनने ड्यूररला वर्षाला १०० गिल्डरचे वेतन बांधून दिले. अशा माणसाच्या हातून गेंडा दरबारी पोशाखातच निघायचा. काही अभ्यासक म्हणतात की झुंजीसाठी खरेच चिलखत घातले असेल, काही म्हणतात की जहाजातल्या कोंडमाऱ्याने बिघडलेली कातडी रेखाटनात उतरली असेल. मला पहिला तर्क पटत नाही, दुसरा अगदीच टाकाऊ वाटत नाही. जाता जाता, मोहेंजोदडोच्या शिक्क्यांवरचा गेंडा पाहा. त्या कोरणाऱ्यांनी गेंडा नक्की पाहिलेला होता, तरी त्याच्याही घड्या झूल पांघरल्यासारख्याच दिसतात.

खांद्यावरचे छोटे पिळाचे शिंग मात्र निव्वळ चूक आहे. तसे काही नसते. पायांवरचे खवलेही नसतात. त्याच वर्षी आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायरने याच गेंड्याचा वुडकट केला. त्यात जादा शिंग नाही, आणि पुढच्या पायांना बांधलेली दोरीही दाखवली आहे. शरीरशास्त्राच्या दृष्टीने तोच अधिक बरोबर. त्याचा एकच छाप आज शिल्लक आहे, व्हिएन्नाच्या आल्बर्टिनामध्ये. ड्यूररचा मात्र पुढची दोनशे-सव्वादोनशे वर्षे प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत नकलत राहिला. १५५१ पासूनच्या, गेस्नर या स्विस निसर्ग-अभ्यासकाच्या प्राणिकोशातही जादा शिंगासकट तोच आहे. १७४१ मध्ये क्लारा नावाची गेंडीण बंगालहून हॉलंडला आली आणि गावोगाव फिरली, तेव्हा कुठे लोकांच्या डोक्यातून तो उतरायला लागला.

गेंड्याचा शेवट तुमच्या लेखात नाही. मानुएलने १५१४ मध्ये पोप लिओ दहावा याला हान्नो नावाचा हत्ती धाडला होता आणि तो रोममध्ये भलताच गाजला. मसाल्याच्या मुलखांवरचा आपला हक्क पोपने मानावा, यासाठीची ती पेरणी होती. तेव्हा आता गेंडाही जाऊ दे. डिसेंबर १५१५ मध्ये त्याला हिरव्या मखमलीचा, फुलांनी सजवलेला गळपट्टा घालून पुन्हा जहाजात चढवले. वाटेत मार्सेयजवळच्या बेटावर फ्रान्सच्या राजाने, फ्रान्स्वा पहिला याने, त्याला पाहिले. पुढे इटलीच्या किनाऱ्यावर पोर्तो व्हेनेरेजवळ वादळात जहाज बुडाले. गेंडा एरवी उत्तम पोहतो, हा डेकला साखळीने जखडलेला होता. मखमल आणि साखळी दोन्ही त्याच्यासोबत गेली. लिस्बनच्या बेलें मनोऱ्याचे काम तेव्हा चालू होते, त्याच्या एका बुरजाखाली गेंड्याचे दगडी डोके आहे. समुद्री वाऱ्याने आता ते पार झिजले आहे, पण ओळखू येते.

ड्यूररलाही अशी जनावरे पाहायची हौस होती, हे जाता जाता सांगायला हवे. १५२० च्या डिसेंबरात नेदरलंड्समधल्या झीलंडच्या किनाऱ्याला देवमासा लागल्याचे कळताच तो थंडीत तिकडे धावला. पोचेपर्यंत लाटांनी देवमासा ओढून नेला होता.

एक कामाची गोष्ट. या चित्राच्या प्रती संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर अनेक आहेत, पण सगळ्या १५१५ च्या नाहीत. पहिल्या आवृत्तीत वर पाच ओळींचा मजकूर आहे, आणि ठसा तेव्हा धड होता. पुढे शाई धुऊन-वाळवून आणि दाब खाऊन फळी लाकडाच्या तंतूंच्या दिशेने तडकली. ती चीर गेंड्याच्या पायांमधून आडवी जाते आणि पुढच्या प्रत्येक आवृत्तीत रुंद होते. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये याच जुन्या फळीबरोबर रंगाचा दुसरा ठसा वापरून प्रती काढल्या. तुम्ही छापलेल्या चित्रात पायांवरून जाणारी पांढरी रेघ ठळक दिसते. म्हणजे तुमची प्रत ड्यूररच्या मृत्यूनंतरची, १५२८ नंतरची आहे.

तेव्हा दुरुस्ती छापणार असाल तर ओळ अशी असावी : ‘गुजरातहून गोव्यामार्गे २० मे १५१५ रोजी लिस्बनला पोचलेला एकशिंगी गेंडा. आल्ब्रेख्त ड्यूररने दुसऱ्याच्या रेखाटनावरून आणि पत्रावरून केलेला वुडकट, न्यूरेंबर्ग, १५१५; येथे छापलेली प्रत नंतरच्या आवृत्तीतील.’ दोन ओळींत बसते. वरचा जर्मन मजकूरही या वेळी कापू नका.

आपला,
मुद्राचित्रणाचा एक अभ्यासक,
फोंडा, गोवा