आधी पेटी मोजा, मग साज चढवा

महोदय,

रविवार पुरवणीतला घरबसल्या संगीतनिर्मितीवरचा लेख वाचला. विषय घेतलात याचा आनंद झाला. पण लेखात लॅपटॉप, सॉफ्टवेअर आणि हेडफोनच्या किमतीच जास्त आल्या, नवशिक्याचं घोडं जिथे अडतं ते राहून गेलं. मी मिरजेत 21 वर्षं पेटी शिकवते आणि गेली काही वर्षं मुलांची गाणी घरीच रेकॉर्ड करते, म्हणून लिहावंसं वाटलं.

माझ्या एका विद्यार्थ्याने गेल्या वर्षी एका क्लासला 18,000 रुपये भरले. वडील एसटीत वाहक. त्या घराला ही रक्कम लहान नाही. तीन महिन्यांत त्याला तयार ठेके आणि सुरावटी एकापुढे एक चिकटवायला शिकवलं. माइक एकदाही हातात दिला नाही. दिवाळीत तो माझ्याकडे स्वतः केलेला अभंग घेऊन आला. आधी गळा आणि पेटी घेतलेली, त्यावर की-बोर्डवरून व्हायोलिनचा साज. ऐकताना कानाला कसंसंच होत होतं. आपणच बेसूर गायलो असं समजून पोरगं रडायचंच बाकी होतं.

तो सुरेलच गायला होता. पेटी जुनी, तिचे सूर चढे. संगणकातली वाद्यं मधल्या सप्तकातली पांढरी सहा 440 हर्ट्झला धरून चालतात. मोबाइलवरच्या ट्यूनरने मोजलं तर या पेटीची 446 निघाली. शेजारच्या दोन पट्ट्यांत 100 सेंटचं अंतर असतं, त्यातले सुमारे 23 सेंट इथेच सरकले होते. व्हायोलिनच्या ट्यूनिंगमध्ये 440 च्या जागी 446 घातलं आणि तोच साज पेटीत विरघळला. दोन मिनिटांचं काम! हे जमलं कारण की-बोर्डवरचं वादन संगणकात मिडी या स्वरूपात साठतं, आणि मिडीत आवाज साठवलेला नसतो. कोणती पट्टी, किती जोरात, किती वेळ, एवढ्या सूचनाच असतात. रेकॉर्ड केलेली पेटी मात्र ओढूनताणून सुरात आणायला गेलं की तिचा गोडवा जातो. म्हणून पेटी आधी मोजायची, बाकीचं नंतर. हे त्या मुलाला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं होतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरी चूक लेव्हलची. आवाज भरदार यावा म्हणून मुलं काटा लाल रेघेला भिडवतात. कॅसेटच्या टेपवर थोडं वर गेलेलं खपून जायचं. डिजिटलमध्ये 0 डेसिबलच्या वर जागाच नाही, लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि तो फाटका आवाज पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. रेकॉर्डिंग 24 बिटवर, म्हणजे आवाज जास्त बारकाईने साठवणाऱ्या सेटिंगवर घ्यावं आणि सगळ्यात चढी तान उणे 10 डेसिबलच्या आसपास राहील असं बघावं. आवाज मागाहून वाढवता येतो.

खोलीचं तर लेखात नावच नाही. फरशी आणि उघड्या भिंती घुमतात. मी मुलांना गाद्यांच्या चळतीकडे तोंड करून गायला बसवते, माइक तोंडापासून वीतभर, पंखा बंद. मे महिन्यातसुद्धा बंदच. एवढ्यासाठी ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं; पैसे साठलेच तर चांगल्या माइकला लावावेत.

पुढच्या लेखात या गोष्टींना जागा द्यावी ही विनंती. क्लासची फी भरण्याआधी पालकांनी एवढं तरी विचारावं, की पहिल्या महिन्यात मुलाच्या हातात माइक देणार का? त्या अभंगाची आधीची आणि नंतरची, दोन्ही रेकॉर्डिंग माझ्याकडे आहेत. आपल्या प्रतिनिधीला ती घरी बोलावून ऐकवायला मी तयार आहे, मुलाचीही हरकत नाही.

आपली,
एक हार्मोनियम शिक्षिका, मिरज