कचारगडच्या डे टूरवर भाच्याला आग्या माशांनी फोडलं, त्याबद्दल तक्रार

प्रति,
मॅनेजर साहेब,
(कचारगड गुफा आणि अ‍ॅडव्हेंचर डे टूर काढणारी कंपनी)

विषय: टूरवर झालेला अपघात, सेफ्टीच्या नावानं केलेली फसवणूक आणि गुफेची केलेली नासधूस

जय सेवा साहेब,

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सहा जण तुमच्या एक दिवसाच्या टूरवर आलो होतो. माणशी १,४५० रुपये घेतले तुम्ही, लहान पोरांचेही तेवढेच. तुमच्या कस्टमर केअरच्या मॅडमशी फोनवर बोलून झालं, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या की पुढच्या टूरवर दहा टक्के डिस्काउंट देतो, म्हणून आता लेखी लिहून राहिले. डिस्काउंट मला नको. माझ्या भाच्याला तुमच्या टूरवर आग्या माशांनी फोडून काढलं आणि त्या माशा आपोआप उठल्या नव्हत्या, तुमच्या लोकांनी उठवल्या. गाडी उशिरा आली, जेवण थंड होतं, ते सगळं मी सोडून देते, त्याच्यासाठी पत्र लिहायला मला वेळ नाही.

तुमच्या जाहिरातीत होतं, ट्रेन्ड गाइड, सर्टिफाइड इक्विपमेंट, शंभर टक्के सेफ. तेच वाचून बुकिंग केलं. कचारगड आम्हाला काही नवीन नाही, आम्ही आमगाव तालुक्यातले, माघ पौर्णिमेला कोयापुनेमच्या, म्हणजे आमच्या गोंडी धर्माच्या जत्रेला घरचे सगळे जातो. पण तेव्हा महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा सगळ्या बाजूंनी लाखांनी लोक येतात, लहान पोट्ट्यांना गुफा धड बघायलाही मिळत नाही. नागपूरहून नणंदेची पोरं आली होती, त्यांना दोर, झिपलाइन ह्याचं भारी वेड, म्हणून म्हटलं गर्दी नसताना गुफाही नीट दाखवू आणि त्यांची हौसही होऊन जाईल. सोबत माझा लहान भाऊ होता, त्यानं उत्तरकाशीला माउंटेनियरिंगचा बेसिक कोर्स केलेला आहे. तो सोबत होता म्हणून आज एवढंच लिहिण्यावर भागून राहिलं.

आधी गाइडचं सांगते. पायथ्याच्या धनेगावहून वर चढताना तो पोरगा सांगून राहिला होता की पांडव वनवासात इथं राहिले, मग म्हणे आत खजिना पुरलेला आहे, त्याच्यावर साप आहे. माझी पोरगी सातवीत आहे, तिला राहवलं नाही, ती म्हणाली, भैया हे आमच्या गोंडांचे धर्मगुरू लिंगोचं ठिकाण आहे, कली कंकालीची ३३ पोरं ह्या गुफेत कोंडलेली होती, जंगो रायताड मायनं त्यांना जीव लावला आणि हिरासुका पाटालीरनं किंगरी हे तंतुवाद्य वाजवून गुफेच्या तोंडावरचा दगड हलवला. गाइड हसला आणि म्हणाला, असं का, ही पण मस्त स्टोरी आहे. साहेब, ती आमच्यासाठी स्टोरी नाही. गोंड समाजाची कुळं, देव, लग्नं कोणात करायची कोणात नाही, हे सगळं त्या ३३ पोरांपासून आणि लिंगोनं दिलेल्या शिकवणीपासून सुरू होतं असं आम्ही मानतो. तुम्ही पैसे गाइडचे घेता, मग ज्या जागेचे पैसे घेता त्या जागेची माहिती तरी त्याला द्या. धनेगावात विचारलं असतं तर कोणत्याही घरातल्या म्हाताऱ्यानं सांगितलं असतं, पण तुमच्या टीममध्ये त्या गावचा एकही माणूस नव्हता. सगळी पोट्टी बाहेरची, त्यांना जंगलही माहीत नाही अन् देवही माहीत नाही.

गुफेच्या आत सगळे बूट घालून गेले, गाइडनं कोणालाच काही म्हटलं नाही. जिथं पूजा होते त्याच्या बाजूच्या दगडावर लाल पेंटनं बाण काढलेले होते, ह्या बाजूनं चला म्हणून. मी विचारलं हे कोणी केलं, तर गाइड म्हणाला आमच्याच टीमनं, कस्टमर चुकू नये म्हणून. आणि दोर बांधायला खडकात लोखंडी खिळा ठोकलेला. त्याच्यासाठी वनविभागाला विचारलं होतं का, गावाला विचारलं होतं का, हे मला लेखी पाहिजे.

आता दोराचं. गुफेच्या तोंडापासून थोडं बाजूला जो कडा आहे तिथं रॅपलिंग, म्हणजे दोरानं कडा उतरणं, ठेवलं होतं. माझ्या भावानं जाऊन बघितलं तर सगळा भार त्या एका खिळ्यावर, दोर अडकवायला दुसरा आधार (अँकर) नाही, आणि दोर कड्याच्या धारदार काठावरून सरळ खाली सोडलेला, त्याच्याखाली साधं पोतंही टाकलेलं नव्हतं. नायलॉनचा दोर धारेवर घासून घासून कापला जातो, हे शिकायला कोर्स लागत नाही, बैलगाडीला दोर बांधणाऱ्या माणसालाही हे समजते. हेल्मेट मोजून चार आणि माणसं वीसच्या वर, एकाचं काढून दुसऱ्याला घालत होते, त्यातल्या एकाला हनुवटीखालचा पट्टाच नव्हता. लहान पोरांना मोठ्या माणसांचा हार्नेस (दोराला अडकवायचा कमरेचा पट्टा) चढवला, तो कमरेवरून खाली सरकत होता. भावानं विचारलं बॅकअपचा दुसरा दोर कुठं आहे, वरून कोणी पकडून राहणार आहे का, तर तिथला पोरगा म्हणाला, काही होत नाही दादा, रोज लोक उतरतात. भावानं आमच्या पोरांना तिथंच थांबवलं. बाकीचे लोक मात्र उतरत राहिले, कारण त्यांना कोणी सांगणारं नव्हतं, आणि हीच गोष्ट मला जास्त लागते, सगळ्यांच्या सोबत कोर्स केलेला भाऊ नसतो, म्हणूनच तर लोक तुमच्यासारख्या कंपनीला पैसे देतात.

वर चढायला सुरुवात केली तेव्हा धनेगावचे एक बाबा जंगलातून लाकूड घेऊन येत होते. त्यांनी तुमच्या टीमला माझ्यासमोर सांगितलं, "पोरं हो, वरच्या खडकाले आग्या मोहोळ हायत, तिकडं धूर करू नका, बाजा वाजवू नका." हे वाक्य मी ऐकलं, भावानं ऐकलं, आणखी दोन फॅमिलींनी ऐकलं, त्यांचे नंबर माझ्याकडे आहेत. तुमचा टीम लीडर म्हणाला, हो हो बाबा, आणि पुढं निघून गेला.

वर गेल्यावर पहिलं काम काय केलं तर स्पीकर लावला. आवाज खडकात घुमून घुमून डबल होत होता. मग तुमच्या पॅकेजमध्ये जी 'फ्री रील' आहे त्याच्यासाठी रंगीत धुराचे डबे काढले, गुलाबी आणि पिवळा, आणि पोरांना गुफेच्या तोंडाशी उभं करून डबे पेटवले. मी ओरडले, बाबांनी नाही म्हटलं आहे ना, तर तो म्हणाला, मॅडम दोनच मिनिटं, शूट झालं की बंद. धूर सरळ वर गेला. मोहोळ वरच लटकलेली होती, खालून दिसत होती.

त्याच्यानंतरचं लिहिताना अजूनही हात कापतो. आधी नुसता आवाज आला, मग आभाळ काळं झाल्यासारखं झालं. आग्या माशी एक चावली की तिच्या डंखाच्या वासानं बाकीच्या त्याच जागी येतात, म्हणून जो हात हलवतो, जो पळत पळत झटकतो त्याच्यावरच सगळ्या बसतात. लोकांना काय माहीत, सगळे झटकून राहिले होते. टूर सुरू करायच्या आधी पाच मिनिटं काढून कोणी सांगितलं असतं की माशा उठल्या तर तोंड झाका, झटकू नका, तर निम्मे डंख वाचले असते. आणि तुमचे लोक काय करत होते? पहिले तेच पळाले. दोरावर एक ताई होती, अर्ध्यात लटकलेली, खाली जो पोरगा दोर पकडून होता तो दोर सोडून पळाला. ती बाई वरून किंचाळत होती, तिच्या चेहऱ्यावर माशा, हातातून दोर सुटत होता. माझ्या भावानं अंगातलं जॅकेट डोक्यावर घेतलं, धावत जाऊन खालचा दोर ताणून धरला, त्यानं ती जागीच थांबली, मग थोडा थोडा ढील देऊन तिला खाली उतरवलं. भावाला स्वतःला मानेवर आणि पाठीवर खूप चावल्या. ती ताई कोण होती आम्हाला माहीत नाही, पण तिचं नाव तुमच्या रजिस्टरमध्ये असेल, तिलाही फोन करून विचारा कशी आहे म्हणून, मला वाटत नाही तुम्ही केला असेल.

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे. धुराच्या डब्याच्या सगळ्यात जवळ तोच उभा होता, तुमच्याच माणसानं उभं केलेला. तोच म्हातारा बाबा ओरडा ऐकून मागून धावत आला, खांद्यावरची घोंगडी त्यानं भाच्यावर टाकली, माझ्या पोरीला आणि भाचीला माझ्या ओढणीत गुंडाळलं आणि आम्हाला आत अंधाराच्या बाजूला नेऊन बसवलं. "माय, हालू नको, बोलू नको, थ्या आपोआप जाइन." आम्ही तसंच बसलो, किती वेळ ते मला सांगता येत नाही. त्या बाबाला तुमच्या कंपनीनं साधं धन्यवादही म्हटलं नाही. त्याची घोंगडीही तिथंच राहिली.

बाहेर आलो तेव्हा भाच्याचा चेहरा सुजून डोळे बंद झाले होते, उलट्या होत होत्या. फर्स्ट एड बॉक्स मागितला तर त्यात पट्ट्या, कापूस आणि एक लाल औषधाची बाटली, बस. अ‍ॅलर्जीची साधी गोळीही नाही. काही लोकांना माशीच्या डंखानं श्वास बंद होतो, तेव्हा मिनिटामिनिटाचा हिशोब असतो, आणि जंगलात लोकांना नेणाऱ्या कंपनीकडे स्ट्रेचर नाही, औषध नाही, कोणाला फोन लावायचा तेही ठरलेलं नाही. रेंज नव्हती. भाऊ आणि आमच्या ह्यांनी पोराला आळीपाळीनं पाठीवर घेऊन धनेगावपर्यंत उतरवलं, तिथून १०८ ला फोन लागला, आणि सालेकस्याला नेलं. तिथं डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन, सलाइन लावलं, डंख काढले, रात्रभर ठेवलं. नणंद नागपूरहून रात्रीच निघाली. तिला मी काय तोंड दाखवायचं होतं, सांगा तुम्ही.

आता तुम्ही म्हणाल की फॉर्मवर सही केलेली आहे. हो, चालत्या गाडीत इंग्रजीतला दोन पानी फॉर्म दिला, वाचायला वेळ दिला नाही, सही करा नाहीतर अ‍ॅक्टिव्हिटी मिळणार नाही म्हटलं. त्यात लिहिलं आहे की कोणत्याही अपघाताला कंपनी जबाबदार नाही. असं लिहून घेतल्यानं तुमचा हलगर्जीपणा माफ होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक कराराची व्याख्याच दिलेली आहे, एकदा वाचून घ्या. आणि महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण काढलं, त्यात अशा कंपनीनं पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे, ट्रेन्ड माणसं आणि सेफ्टीची व्यवस्था ठेवायची आहे. तुमचा नोंदणी नंबर वेबसाइटवर नाही, पावतीवर नाही, फोनवर विचारला तर मॅडम म्हणाल्या चेक करून सांगते, अजून काही सांगितलं नाही. नोंदणी असेल तर कागद पाठवा. नसेल तर उद्यापासून एकही गाडी काढू नका.

मला काय पाहिजे ते स्पष्ट लिहिते. सहाही जणांचे पूर्ण पैसे परत, कुपन नाही, कॅश बॅक नाही, ज्या यूपीआयवरून पैसे आले त्यावरच. भाच्याच्या आणि भावाच्या औषधपाण्याचा सगळा खर्च, बिलं सोबत जोडली आहेत. ती रील तुमच्या पेजवर अजून आहे, माशा उठायच्या आधीचा भाग कापून टाकला आहे, गुलाबी धुरात माझा भाचा हसून राहिला आहे आणि खाली लोक लिहून राहिले, वॉव, नेक्स्ट वीक प्लॅन करू. ती आजच्या आज काढा. आम्ही पोरांचे फोटो जाहिरातीला वापरायची परवानगी दिलेली नाही, आणि तो धूर बघून दुसरा कोणी आपली पोरं घेऊन तिथं जाईल त्याची मला जास्त भीती आहे.

आणि गुफेजवळ पुन्हा जायचं असेल तर आधी धनेगावच्या लोकांना विचारा, त्यांच्यातली पोरं गाइड म्हणून ठेवा, त्यांना पूर्ण पगार द्या. तिथून जवळच हाजरा फॉल धबधब्यावर गावातल्याच पोरांनी पर्यटकांना सांभाळायचं काम हातात घेतलेलं आहे, म्हणजे हे होत नाही असं म्हणू नका. दोराचे खेळ करायचे तर देवाच्या जागेपासून आणि मोहोळापासून लांब दुसरा कडा बघा, नोंदणी करून, शिकलेली माणसं ठेवून. स्पीकर आणि धूर कायमचे बंद.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर पाहिजे. नाही आलं तर १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकणार, आणि गोंदियाच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या केसला तिथं फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, ते मी विचारून ठेवलं आहे. एक कॉपी पर्यटन संचालनालयाला आणि एक वनविभागाला आजच पोस्टानं रजिस्टर करून राहिले.

खडकातला खिळा आणि ते लाल बाण माघ पौर्णिमेच्या आधी निघाले पाहिजेत. ते काढायला तुमच्या माणसांसोबत गावातले लोक उभे राहतील, तारीख तेवढी आधी कळवा.

आपली ग्राहक,
जिल्हा परिषद शाळेतली एक शिक्षिका, तालुका आमगाव, जिल्हा गोंदिया
(पूर्ण नाव आणि फोन नंबर बुकिंगच्या पावतीवर आहे)

सोबत: पावती, दवाखान्याची बिलं, फॉर्मचा फोटो, खिळ्याचे आणि बाणांचे फोटो