हेलनची उडी

प्रिय शमे,

पत्र मिळालं. दोरीच्या मल्लखांबावरून तुझी ती नवी मुलगी पडली, लागलं फारसं नाही, पण आता दोरीजवळ यायलाच तयार नाही, असं तू लिहिलंस. ते वाचलं आणि तुला एका बाईबद्दल सांगितल्याशिवाय चैन पडेना. गेले दोन महिने मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचते आहे. तिचं नाव हेलन गिब्सन. शंभरेक वर्षांपूर्वीच्या हॉलिवुडच्या वेस्टर्न मूकपटांत ती काम करायची. मोठी नटी कधीच झाली नाही. पण शमे, ती उडी कशी मारायची ते तुला कळलंच पाहिजे.

जन्म 1892 चा, ओहायोतल्या क्लीव्हलँडचा. जन्माचं नाव रोझ वेंगर. 1909 च्या उन्हाळ्यात तिने गावात घोडेस्वारांचा खेळ पाहिला आणि तिथेच तिचं ठरलं. 'मिलर ब्रदर्स'च्या खेळात घोड्यावर बसणाऱ्या मुली हव्यात असं कळल्यावर ती सरळ ओक्लाहोमाला गेली आणि तिथेच शिकली. भरधाव घोड्यावरून खाली झुकून जमिनीवरचा रुमाल उचलायचा, हे तिचं पहिलं कसब. जुने स्वार सांगायचे, पोरी, डोक्यात टाप बसेल. तिला वाटायचं, बसत असेल दुसऱ्यांना, मला नाही बसायची. विशीच्या आतली होती ना! आपण तरी कुठे कोणाचं ऐकत होतो त्या वयात?

1911 साली कॅलिफोर्नियात व्हेनिसला हा खेळ बंद पडला आणि सगळे तिथेच अडकले. निर्माते थॉमस इन्स यांनी अख्खा ताफा हिवाळ्यापुरता सिनेमासाठी घेतला. स्वारांना आठवड्याला आठ डॉलर. घोडे व्हेनिसला बांधलेले, चित्रीकरण टोपँगाच्या खोऱ्याकडे. रोज सकाळी पाच मैल घोड्यावरून जायचं, दिवसभर कॅमेऱ्यापुढे दौडायचं.

आता तिच्या नावाचं सांगते, ते माझ्या फार मनाला लागलं आहे. 1913 मध्ये ऑरेगनमधल्या पेंडलटनला घोडेस्वारीच्या स्पर्धांसाठी ती गेली, तिथे एडमंड 'हूट' गिब्सन हा स्वार भेटला. गावात खोल्या मिळेनात, आणि मिळाल्या तर आधी नवरा-बायकोला. म्हणून दोघांनी लग्नच केलं. असं तिचं आडनाव झालं गिब्सन. पुढे 1915 मध्ये कालेम या चित्रपट कंपनीच्या 'द हझर्ड्‌स ऑफ हेलन' या मूकपटांच्या मालिकेत ती हेलन होम्स या नायिकेची डबल म्हणून धोक्याची कामं करू लागली. होम्स कंपनी सोडून गेली आणि नायिकेची जागा हिला मिळाली. पण मालिकेचं नाव हेलनवर. ते कसं बदलणार? मग कंपनीने बाईचंच नाव बदललं. आपल्याकडे लग्नात ताम्हणातल्या तांदळांवर नवं नाव लिहितात, तसंच. एक नाव नवऱ्याने दिलं, एक कंपनीने. अंग मात्र तिचं स्वतःचं होतं, आणि काम त्या अंगाचं होतं.

त्या मालिकेतली 'अ गर्ल्स ग्रिट' या भागातली उडी. स्टेशनच्या छपरावरून धावत्या आगगाडीच्या टपावर. छप्पर आणि टप यांतलं अंतर आधी नीट मोजलं. गाडी उभी ठेवून सराव केला. मग गाडी पाव मैल मागून वेग घेत आली. तिने उडी मारली ती अगदी बरोबर जागी पडली, पण गाडीच्या हिसक्याने गडगडत थेट टपाच्या टोकाकडे जाऊ लागली. तेवढ्यात हाताला हवेच्या झरोक्याचं तोंड लागलं आणि तिने ते घट्ट धरलं. आता पुढचं ऐक. सावरल्यावर तिने अंग मुद्दाम कडेवरून खाली लोंबकळू दिलं, कारण पडद्यावर ते जास्त चांगलं दिसेल! थोडंसं खरचटलं, बस्स. मी ते वाचलं तेव्हा मला आपल्या दोरीच्या सरावातली पहाट आठवली. उडी सगळ्यांना दिसते, पण नंतर हाताने काय धरलं ते फक्त आपल्यालाच ठाऊक असतं.

तू म्हणशील, आपल्या हिंदी स्टंटपटांतली नादिया! 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये नादिया आगगाडीच्या टपावर लढली ती 1936 मध्ये, मुंबईत. ही वीस वर्षं आधीची.

मालिका 1917 मध्ये संपली. 1920 मध्ये तिने स्वतःच्या नावाची चित्रपट कंपनी काढली, ती बुडाली. हूटशी काडीमोड झाला. तो पुढे मोठा वेस्टर्न नट झाला. हिचं अपेंडिक्स फुटलं, काम हातचं गेलं. 1924 मध्ये रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत घोड्यावरच्या कसरतींना उभी राहिली. मग पुन्हा हॉलिवुड, पण आता चेहरा दाखवायचा नाही. मेरी ड्रेसलर, एथेल बॅरीमूर अशा नामांकित नट्यांच्या जागी पडायचं, घोड्यावर बसायचं, आणि अधूनमधून गर्दीत उभं राहायचं. अशी तीसहून जास्त वर्षं. अमेरिकेतली पहिली व्यावसायिक स्टंटबाई असं आज तिला म्हणतात. तेव्हा पाट्यांवर तिचं नावही नसायचं. मला याचा राग येतो, शमे, खरंच येतो.

तिचं शेवटचं काम दिग्दर्शक जॉन फोर्डच्या 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' या चित्रपटात. पडद्यावर 1962 साली आला. वय जवळजवळ सत्तर. काम एवढंच, घोड्यांची जोडी हाकायची. मोबदला पस्तीस डॉलर. त्याआधी पन्नासेक वर्षांपूर्वी 'मिलर ब्रदर्स'च्या सेंट लुईमधल्या खेळात ज्या हातांनी पहिल्यांदा लोकांपुढे लगाम धरला, तेच हात. 1977 मध्ये ती ऑरेगनमध्ये वारली.

तुझ्या त्या मुलीचं मला सारखं डोक्यात येतंय. पडताना तिने दोरी सोडली होती की धरून ठेवली होती, ते तू लिहिलं नाहीस. विचार तिला आणि कळव.

तुझी,
सुमी