नव्या घरी आलेला साप जेवत नाही, म्हणून

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी साप पाळण्याच्या हौशीवरचा लेख वाचला. पंधरा दिवसांतून एकदा खायला घातलं की झालं, असा त्याचा सूर होता. माझं म्हणणं आहे की मोठा साप दुसऱ्याच्या घरातून आपल्या घरी येतो तेव्हा खाण्याचा विषय सगळ्यात शेवटी येतो. आधी ऊब, आणि त्याहून आधी कागद.

आमच्याकडे बॉल पायथॉन या आफ्रिकी अजगराची प्रौढ मादी आहे. शेजारचा मुलगा शिकायला जर्मनीला गेला, त्याच्या आईने हात लावायला साफ नकार दिला आणि पेटी आमच्या मधल्या खोलीत आली. चार फूट लांब, दीड किलोच्या वर वजन. ही जात मूळची पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली. साइटिस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्टात ती आहे, त्यामुळे २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याखाली तिची नोंदणी लागते. २०२४ च्या नियमांप्रमाणे ती केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर होते आणि प्राणी दुसऱ्याच्या ताब्यात गेला तर तेही कळवावं लागतं. मुलगा विमानात बसायच्या आत आम्ही ते उरकून घेतलं. आपला अजगर, नाग, धामण यांना मात्र घरात ठेवणं हा सरळ गुन्हा आहे. लेखात याबद्दल एक ओळही नव्हती.

बाईसाहेब (हे नाव आमच्या सौ.नी ठेवलं) आल्या आणि उपाशी बसल्या. लगेच सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे रोज हातात घ्या, सवय होईल. एका नातलगाने बशीत दूध ठेवायला सांगितलं. साप दूध पीत नाही हे दर नागपंचमीला छापून येतं, तरी बशी काही सुटत नाही! प्रौढ बॉल पायथॉन महिनोन्महिने न खाता राहू शकतो, थंडीत तर सर्रास. पहिला आठवडा-दोन आठवडे फक्त पाणी बदलायचं, घाण काढायची आणि झाकण नीट लावायचं. हात लावायचा नाही. लपायला दोन जागा हव्यात, एक उबदार बाजूला आणि एक गार बाजूला, आणि त्याही अंगासरशी अडचणीच्या. आम्ही काठ फोडलेल्या मातीच्या कुंड्या उपड्या घातल्या आहेत. ऐसपैस घर माणसाला आवडतं, ह्या जातीला त्यात धास्ती वाटते.

माझी सगळी नोकरी विजेच्या खात्यात गेली, म्हणून पुढचं जरा जोर देऊन लिहितो. पेटीखाली चिकटवायचा हीटिंग मॅट (विजेवर तापणारा पातळ पट्टा) दुकानदार थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या उपकरणाशिवाय, विकतात. विचारलं तर म्हणतात, "साहेब, गरम होतो तेवढाच होतो." तसं नसतं. बंदिस्त जागेत तो काचेचा तळ भाजण्याइतका तापवतो आणि चटका बसत असतानाही साप तिथून हलेलच असं नाही. थर्मोस्टॅट घेतला तरी काहीजण त्याचा सेन्सर पेटीत अधांतरी सोडतात. हवा गारच राहते, थर्मोस्टॅटला वाटतं अजून ऊब हवी, तो प्रवाह तोडत नाही आणि खाली पोट भाजतं. सेन्सर मॅटच्या बरोबर वर, तळाला टेकून, हलणार नाही असा बसवायचा. उबदार बाजूला ३१ ते ३३ अंश, गार बाजूला २५-२६. आमच्या नाशकात जानेवारीच्या रात्री पारा दहाच्याही खाली जातो, तेव्हा वीज गेली तर मॅट इन्व्हर्टरवर हवा. भार एखाद्या लहान दिव्याएवढा, इन्व्हर्टरला जाणवतही नाही.

उपास किती चालू द्यायचा हे वजनकाटा सांगतो. झाकणाच्या डब्यात घालून आठवड्याला एकदा वजन करावं आणि वहीत लिहावं. दहा टक्क्यांच्या वर उतरलं, नाकाशी बुडबुडे दिसले किंवा तोंड उघडं टाकून श्वास चालला, तर डॉक्टर गाठायचा. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत कात तुकड्यातुकड्यांनी निघते. तेव्हा ओलसर शेवाळाचा डबा आत ठेवावा, पण डोळ्यावर राहिलेली कात चिमट्याने ओढू नये, डोळा जातो. खायला गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून द्यावा. जिवंत सोडला आणि सापाला भूक नसली, तर उंदीरच त्याची पाठ कुरतडतो.

साप तपासणारे पशुवैद्य आपल्या जिल्ह्यात कोण, ही माहिती पुरवणीत द्याल तर उपयोग होईल. बहुतेक दवाखान्यांत कुत्री-मांजरं नाहीतर गाई-म्हशी.

लेखात राहिलेली आणखी एक गोष्ट म्हणजे आयुष्य. नीट सांभाळला तर हा साप वीस-तीस वर्षं जगतो आणि मी साठी ओलांडलेला. म्हणून पुतणीला आताच विचारून ठेवलंय. ती हो म्हणाली, फक्त उंदीर तिच्या फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत.

— एक निवृत्त वीज कर्मचारी, नाशिक रोड