जमा होणारी तिसरी बंदूक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शस्त्र कायद्यात डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येऊ लागल्या. नियम बरा की वाईट, यात मला शिरायचे नाही. पण तेव्हापासून आपल्या सीमाभागातल्या देसाई, इनामदार, पाटील घराण्यांतून कोणती बंदूक बाहेर पडली, ते सांगायला हवे. पिकाच्या राखणीसाठी घेतलेली अलीकडची बंदूक कुणी दिली नाही. गेली ती पणजोबांची, बाहेर दोन घोडे (चाप ओढला की आपटणारे हातोडे) असलेली विलायती दुनळी. ठाण्याच्या पावतीवर तिची नोंद काय? ‘१२ बोअर डीबीबीएल’, म्हणजे मागून काडतूस भरायची दुनळी, आणि पुढे एक नंबर. कारागीर कोण, गाव कोणते, साल कोणते, काही नाही.

माझे आयुष्य बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर गेले. मी शिकारी नाही. ओळखीतले लोक अशी बंदूक ‘बघून सांगा’ म्हणतात, तेव्हा मी त्यांच्या घरी जातो, त्यांच्यासमोर मोजमाप घेतो आणि सांगतो. दुरुस्तीला हात लावत नाही, त्याचा परवाना वेगळा असतो. खानापूर, हुक्केरी, निपाणी या बाजूला पाहिलेल्या बंदुकांवरून लिहितो आहे.

नळ्यांवरच्या पट्टीवर मुंबईच्या ‘आर्मी अँड नेव्ही’चे किंवा कलकत्त्याच्या ‘रॉडा’, ‘मँटन’चे नाव असले की घरचे लोक तोच कारागीर समजतात. ही विकणारी दुकाने. माल बहुतेक बर्मिंगहॅमचा. खरी जन्मपत्रिका नळ्या उतरवून उलट्या केल्या की खालच्या अंगाला सापडते. तिथे मुकुटाखाली तिरके ठेवलेले दोन राजदंड आणि बी-सी-पी ही अक्षरे असली, तर ती नळी बर्मिंगहॅमच्या तपासणीगृहात १९०४ च्या आधी, काळ्या दारूवर तपासलेली. एन-पी अक्षरे असली तर धुराविना जळणाऱ्या नव्या दारूवरही तपासलेली. आपल्याकडे बी-सी-पीच जास्त दिसतात.

एका देसायांच्या घरी मला ‘बॉलसाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे असलेली दुनळी दाखवली. घरात समज असा, की ही पोरांची खेळण्यातली बंदूक असावी! तो ‘नॉट फॉर बॉल’ शिक्का १८७५ ते १८८७ या बारा वर्षांतच मारला जाई. छर्रे लांबवर एकवटून जावेत म्हणून नळीचे तोंड किंचित आवळलेले असे. ही युक्ती बर्मिंगहॅमच्या ग्रीनर या बंदूक कारागिराने १८७४-७५ च्या सुमारास गाजवली. अशा नळीतून एकच मोठी गोळी झाडली तर तोंड फुटण्याची भीती, म्हणून तो इशारा. आणि ते आवळणे कशासाठी? पाण्यावरून उठणारे बदक लांब असते म्हणून. म्हणजे त्या एका शिक्क्यात बंदुकीचे वय आणि काम दोन्ही आले. १८७५ मध्येच वेस्टली रिचर्ड्स या बंदूक कंपनीच्या अॅन्सन आणि डीली यांनी घोडे आत लपवणारी रचना काढली, तेव्हापासून बाहेरचे घोडे हळूहळू मागे पडत गेले.

आणखी एक घोळ. नळीखाली १३ आकडा असला की लोक ‘तेरा बोअर’ म्हणून मोकळे होतात. तो काडतुसाचा नव्हे, नळीच्या आतल्या व्यासाचा आकडा. १२ म्हणजे ०.७२९ इंच, १३ म्हणजे ०.७१०. दोन्हींत काडतूस बाराचेच चालते. मला त्या आकड्याचा उपयोग वेगळा होतो. आज मोजल्यावर व्यास शिक्क्यापेक्षा दहा थाऊ (इंचाचे हजारावे भाग) वाढलेला निघाला, तर कुणीतरी गंज काढायला नळी आतून घासली आहे आणि भिंत पातळ झाली आहे असे धरायचे.

आता जिवाच्या गोष्टीकडे येतो. या नळ्या बऱ्याचदा दमास्कसच्या असतात. लोखंड आणि पोलादाच्या सळ्यांना पीळ देऊन, तापवून, दांड्याभोवती गुंडाळून ठोकून जोडलेल्या. त्यावरची नागमोडी नक्षी पाहून कुणाचाही जीव अडकेल. दमास्कस म्हणजे बादच, असे नाही. नव्या दारूवर पास झालेल्याही आहेत. पण शंभर-सव्वाशे वर्षांत सांध्यांत गंज शिरला असेल तर तो वरून दिसत नाही. शिवाय नळीत काडतूस बसते ते जुने घर ६५ मिलीमीटरचे, आजचे काडतूस बहुधा ७० चे. हा आकडा बार झाल्यावर उघडलेल्या काडतुसाचा असतो, म्हणून न झाडलेले ७० चे काडतूस जुन्या घरात सहज बसते आणि माणूस फसतो. बार होताना त्याचे तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडते आणि दाब चढतो. ‘बसले म्हणजे चालते’ हे लेथवरही खरे नाही, इथे तर बोटे जातील. नळ्या हुकाला टांगून हलकेच टिचकी मारा. देवळातल्या घंटेसारखा नाद घुमला तर मधल्या पट्टीचा डाग, म्हणजे झाळलेला सांधा, शाबूत आहे. बद्द वाजली तर भिंतीवरच शोभू द्या.

विलायतेत हौशी लोक अजून या घोड्यांच्या बंदुका घेऊन बदकांवर जातात. तिथेही इंग्लंडमध्ये पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे १९९९ पासून बंद. पोलादी छर्रे जुन्या नळीला सोसत नाहीत, म्हणून ते बिस्मथ या मऊ धातूचे महागडे छर्रे भरतात. आपल्याकडे हा प्रश्नच उरलेला नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी ते दार बंद केले आणि मला ते योग्यच वाटते. घटप्रभेच्या धुपदाळजवळ थंडीत पक्षी बघावेत. थापट्या, चक्रवाक, हळदीकुंकू बदके दुर्बिणीतून जास्त चांगली दिसतात. बार काढायची हौस असेल त्याने रेंजवर मातीच्या तबकड्यांवर, नळीला सोसेल अशा हलक्या काडतुसाने काढावा.

एक गैरसमज मात्र पोलीस केसपर्यंत नेऊ शकतो. ‘शंभर वर्षांची झाली, आता अँटिक, परवाना कशाला?’ शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधली सूट वापरातून गेलेल्या नमुन्याच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्याराला आहे, पण दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशालाच. तुमची दुनळी आज बार काढू शकत असेल, तर ती १८८० ची असली तरी बंदूकच.

तीच पळवाट सरळ मार्गाने वापरता येईल. जमा झालेल्या बंदुकांपैकी वारसाला नको असलेली निवडक दहा-वीस कायमची निकामी करून कित्तूरच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात ठेवावीत, अशी जिल्हा प्रशासनाला विनंती आहे. वितळवून मिळणारे लोखंड ते किती? आणि पावतीवर डीबीबीएलच्या पुढे कारागिराचे नाव आणि नळीखालचे शिक्के लिहायला दोन ओळी जास्त लागतील. अर्ज कन्नडमध्ये, शिक्का इंग्रजीत, मालक मराठी. त्यात दोन ओळींनी काही बिघडत नाही. ठाण्यात नेण्याआधी वारसांनी नळ्या उतरवून खालच्या बाजूचे फोटो काढून ठेवावेत, निदान ते तरी आपल्या हातात आहे.

ज्यांच्याकडे बंदूक राहणार आहे त्यांनी खंडेनवमीला पूजा जरूर करावी, पण ओले हळदीकुंकू घोड्याच्या बुंध्याशी लावू नये. ते आत झिरपते आणि खानापूरच्या पावसाळ्यात स्प्रिंग गंजवते. खोबरेल तेलही नको, ते थिजून चिकट होते. शिलाई मशीनचे तेल पुरे.

आपला,
एक निवृत्त टर्नर,
टिळकवाडी, बेळगाव